पोकळीत सुटलेला वायू

महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती. मी बुलढाण्याला मावशीकडे राहून बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकत होते. वर्गात मुलगी मी एकटीच. उंद्रीला आमचा भाजीचा मळा होता. बाबांनी आधीच बजावलं होतं, "पास झाली त शिक. नाई त लगन."

फिजिक्सच्या तोंडी परीक्षेच्या दिवशी बाबा मला न्यायला आले आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसले. आत बाहेरगावचे परीक्षक होते. त्यांनी इंग्रजीत विचारलं, उष्णता आत-बाहेर जाऊ न देणाऱ्या भांड्यात आदर्श वायू पोकळीत मोकळा सोडला, तर त्याचं तापमान काय होईल?

उत्तर येत होतं, पण इंग्रजी वाक्य जुळेना. "सर, द गॅस..." एवढं म्हणून मी अडकले. परीक्षक कंटाळून खिडकीबाहेर पाहू लागले. दार उघडंच होतं. बाबांना सगळं ऐकू जात होतं.

शेवटी आमच्या कॉलेजचे सर म्हणाले, "मराठीत सांग."

"तापमान तेच राह्यते, सर! पोकळीत ढकलाले समोर काहीच नाई. वायूनं काम केलं नाई, उष्णता गेली नाई, त आतली ऊर्जा कमी काऊन होईन?"

"पण वायूची जागा वाढली ना?" परीक्षकांनीही आता मराठीत विचारलं.

"होऊ द्या. आदर्श वायूची आतली ऊर्जा नुसती तापमानावर असते. जागेचा संबंध नाई."

माझी बोली ऐकून ते हसले, पण मान डोलावली.

एस.टी.त बसल्याबसल्या मी म्हटलं, "बाबा, मी पास होईन."

त्यांनी कंडक्टरकडून दोन तिकिटं घेतली. मग म्हणाले, "सुलतानपूरचं स्थळ पक्कं केलं म्या. पोरगा चांगला हाय."

"पन तुमी त म्हनलं होतं..."

"म्हनलं होतं. पन असं स्थळ पुन्ना येते का?"

गाडीत गावातली ओळखीची माणसं होती. रडायचीही सोय नव्हती. पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरून मी बसून राहिले.

निकाल लागला तेव्हा मी सुलतानपूरच्या मळ्यात सासूबाईंबरोबर वांगी तोडत होते. बाबा मुद्दाम सांगायला आले. "पास झाली वं तू," ते म्हणाले.

"मंग नेता का मले वापस शिकाले?"

त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. "आता इथल्या मानसायले इचारा लागते."

"कायची परीक्षा व्हय?" सासूबाईंनी विचारलं. मी सांगितलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि पाहुण्यांना चहा ठेवायला मला घरात पाठवलं.