एल, आय आणि स्वल्पविराम

एकविसाव्या वर्षी माझी नजर गेली. पुढची तीन वर्षं मी दारव्ह्याच्या घरात रेडिओ ऐकत काढली. पेपर, लग्नपत्रिका, औषधाच्या बाटलीवरचं, सगळं बाबा वाचून दाखवायचे. मग कुणीतरी सांगितलं, यवतमाळला एक सर अंधांना संगणक शिकवतात. बाबा दर शनिवारी मला प्रवासी जीपनं घेऊन जाऊ लागले.

कापसाचे वाईट दिवस होते. बोंडात गुलाबी अळी शिरली होती. जीपमध्ये माणसं दुसरं काही बोलायचीच नाहीत. मी वाऱ्याकडे तोंड करून बसायची, आणि ते बोलणं पाण्याखालून आल्यासारखं ऐकू यायचं.

सर स्वतः अंध. त्यांच्या वडिलांचं मोटारींचं गॅरेज होतं, त्याच्या मागच्या खोलीत तीन संगणक. बाहेर पान्ह्यांचा खणखणाट, आत ग्रीसचा वास, आणि माझ्या हेडफोनमध्ये पडद्यावरचं वाचून दाखवणारा सपाट आवाज. मी खाली जाणारा बाण दाबत राहायची. एकेक ओळ ऐकता ऐकता आपण पानावर कुठं आहोत, तेच विसरायची. एकदा रडूच फुटलं.

"बेटा, पुरा गाव पैदल काहून फिरून राह्यली?" सर म्हणाले. "एल दाब."

दाबलं. मधलं सगळं ओलांडून आवाज थेट म्हणाला, यादी, नऊ नोंदी.

"आता आय."

पहिली नोंद. पुन्हा आय, दुसरी. शिफ्ट धरून दाबलं की मागची. यादी नको झाली तर स्वल्पविराम दाबायचा, थेट यादीबाहेर. डोळे गेल्यापासून समोरची वाट किती लांब आहे, हे मला पहिल्यांदाच आधी कळलं होतं. नऊ. त्या दुपारी मी नुसती हिंडले. भाज्यांच्या याद्या, नद्यांच्या, पक्ष्यांच्या. स्वप्नात चालताना पाय जमिनीला लागत नाहीत, तसं.

काही शनिवारांनी बाहेर बाकावर बसणारे बाबा आत आले. "त्याच्यात बोंडअळीचं काही असते का वं?"

मी शेतीचं एक पान शोधलं, एल दाबलं. अकरा नोंदी. हेडफोनमध्ये ऐकायची आणि मोठ्यानं सांगायची. सातवी सांगून पुढं गेले, तर बाबा म्हणाले, "थांब. मांगचं पुन्हा सांग."

शिफ्ट आणि आय. "फरदड घेऊ नका. डिसेंबरनंतर पऱ्हाटी उपटून टाका."

फरदड म्हणजे उभ्या पऱ्हाटीला, कापसाच्या झाडांना, पाणी देऊन आणखी एक वेचा काढायचा. बाबांनी तेच ठरवलं होतं. ते माझ्या खुर्चीजवळ सरकले. मग हळूच म्हणाले, "अजून एकडाव."

मी वाचलं. नजर गेल्यापासून मी बाबांना काही वाचून दाखवलं नव्हतं.

परत येताना त्यांनी विचारलं, "तुले दिसते का त्याच्यात?"

"नाही बाबा. पण कुठं काय हाय, ते समजते."

जानेवारीत आम्ही पऱ्हाटी उपटली. मीही हातानं चाचपत उपटली, तळवे सोलून निघाले. पुढच्या वर्षी अळी कमी पडली. त्यामुळंच की आणखी कशानं, बाबांनी कधी सांगितलं नाही.

उपटणं संपलं त्या शनिवारी त्यांनी मला जीपमध्ये बसवलं, दार लावलं आणि स्वतः खालीच थांबले.

"जाशीन ना?"

"जाईन," मी म्हटलं. जीप सुटली. मांडीवर ऊन पडलं होतं, कोवळं.