लाल नळ, हिरवा नळ

शुभांगी गेल्याचा फोन आला तेव्हा बाबा पेपर वाचत होते. मी सांगितलं, तर त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, “आपली ॲपवाली?” ... एकेकाळी याच बाबांनी तिच्या ॲपविरुद्ध अर्धी सोसायटी उभी केली होती. आता काही आठवडे लोटलेत, पण तिच्याबद्दल लिहायला बसले की रडू येण्याआधी ते भांडणच आठवतं आणि चक्क हसू येतं.

कोराडी रोडवरच्या आमच्या सोसायटीत बहुतेक घरं वीजकेंद्रातून निवृत्त झालेल्यांची. शुभांगी आणि मी शाळेत एकाच बाकावर वाढलो. पुण्यातली नोकरी सोडून ती आईजवळ परतली, तेव्हा “इथं येऊन काय दिवे लावणार?” म्हणणारे पुष्कळ होते. पाणी आलं की वॉचमन शिट्टी वाजवायचा, त्याऐवजी तिनं केलं पाण्याचं ॲप. पंप सुरू झाला की मोबाइलवरच्या नळाच्या चित्राचा रंग आपोआप बदलायचा. हिरवा म्हणजे पाणी आलं, लाल म्हणजे बंद. सोपं, नाही का? पहिल्याच दिवशी ज्येष्ठ मंडळींनी लाल नळ बघून कोरड्या तोटीखाली बादल्या लावल्या आणि तो हिरवा होताच तोटी बंद करून निवांत बसली. पाणी येऊन गेलं, यांची भांडी कोरडीच! कारण वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये लाल दिवा म्हणजे यंत्र चालू, हात लावू नका. हिरवा म्हणजे बंद. सगळी नोकरी त्यांनी त्या दिव्यांवर डोळे ठेवून काढलेली.

मीटिंगमध्ये बाबा कडाडले, “सारं उलटं करून ठेवलं पोरीनं. काढून टाका ते, वॉचमनची शिट्टीच बरी!” तरुण म्हणाले, रंग उलटे केले तर आमचा गोंधळ होईल, म्हाताऱ्यांनीच शिकावं. शेवटी शुभांगीला आठवड्याची मुदत मिळाली. नाही जमलं तर ॲप बंद. स्वतःच्या हिमतीवर केलेलं तिचं ते पहिलंच काम होतं.

मी वैतागून म्हटलं, “जाऊ दे न वं. दोघायचंही मन कसं राखशील?”

“काहून नाही? काका चुकलेच नाही. मी रंग चित्रातच पक्का करून ठेवला, ते चुकलं.”

तिनं ती रंगीत चित्रं सरळ फेकून दिली. बिनरंगाचा एकच नळ काढला. रंग त्यात ऐन वेळी भरायचा, आणि कोणता, ते ज्याच्या त्याच्या पसंतीनं. ॲप उघडताच पहिला प्रश्न: चालू म्हणजे लाल की हिरवा?

मुदतीच्या शेवटच्या सकाळी बाबांचा नळ लाल झाला, त्याच क्षणी माझा हिरवा, आणि मोरीत धो धो पाणी! बाबा गॅलरीतून ओरडले, “पास झाली वं तुही मैत्रीण!” खाली शुभांगी निवडून आल्यासारखी हात हलवत होती. पुढे आसपासच्या सोसायट्यांनीही तेच ॲप घेतलं. एकीला निळा रंग हवा होता, शुभांगीनं तोही दिला.

परवा सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. बाबा बोलायला उभे राहिले. तेवढ्यात सगळ्यांचे मोबाइल थरथरले. पाणी आलं होतं. अशा वेळी उठायचं कसं? सगळे माना खाली घालून बसलेले. शेवटी तिची आईच म्हणाली, “बसून काय राहिले गा? पोरगी बोलावून राहिली नं तुमाले. जा, पाणी भरा.”

लाल नळवाले, हिरवे नळवाले, आम्ही सगळे एकदमच उठलो.