दुखण्यांचं झाड

आमच्या घरात दुखणं सांगायची सोय नव्हती. आई-बाबा दुसऱ्यांच्या वावरात रोजानं जायचे. पडून राहिलं तर चूल पेटायची नाही, म्हणून काहीही दुखलं की "वात असंन" म्हणायचं आणि उठायचं. अशा घरात माझी आतेबहीण सुजाता लहानपणीच राहायला आली. तिची आई वारली होती. तिला सिकलसेल हा रक्ताचा जन्मजात आजार होता, पण तेव्हा ते कोणालाच ठाऊक नव्हतं. तिची हाडं ठणकायची, ती जमिनीवर लोळायची, आणि आमच्या उंद्री गावातल्या शहाण्यांनी सांगितलं, वात आहे, चटका द्या. डाव्या गुडघ्याखाली तापलेल्या विळ्याचा तो डाग शेवटपर्यंत होता. तिचे पाय धरून बसली होती माझी आई. आईच्या मायेवर मला शंका नाही. माया होती म्हणूनच तिनं पाय सोडले नाहीत...

सुजाताताईला जाऊन आता दीड महिना झाला. आम्ही दोघं घरातले पहिले पदवीधर, हे मी अभिमानानं लिहितो. तिच्या आजाराचं नावसुद्धा कॉलेजच्या रक्ततपासणी शिबिरात कळलं, घरी नाही. पुढे ती चिखलीत एका छोट्या संस्थेत लागली, आरोग्याची माहिती मराठीत देणाऱ्या वेबसाइटवर. नंतर मीही तिथंच लागलो. एक दिवस तिनं ऑन्टॉलॉजी नावाचं काम काढलं. हे काय असतं, मी विचारलं.

"मशीनले शब्द दिसते, त्यायचं नातं दिसत नाही. ते आपण लिहून द्यायचं. काय कशाचा प्रकार हाये, काय कशाचा भाग हाये, कशानं काय होते."

"म्हणजे गुडघा हा पायाचा प्रकार," मी शहाणपणा केला.

"अन् नाक हा तुहा प्रकार हाये काय बे? भाग हाये, भाग! ग्रॅज्युएट म्हणे..."

तिला एकच गोष्ट हवी होती. आपल्या माणसानं मोबाइलवर "हाडं ठणकून राह्यले" असं विचारलं, तर वेबसाइटनं मलम दाखवू नये, सिकलसेलची तपासणी सांगावी. त्यासाठी तिनं दुखण्यांचं झाड मांडायला घेतलं. वर 'दुखणं', त्याखाली ठणक, कळ, चमक, आग, आणि प्रत्येकाला जोडून त्याची जागा आणि कारण. जो शब्द कोणी स्वतः भोगून सांगितला नाही, तो झाडात घ्यायचा नाही, हा तिचा नियम. बसस्टँडवर बायांना विचारत बसायची. स्वतःचं दुखायला लागलं की रबरी पिशवीत गरम पाणी भरून गुडघ्यावर ठेवायची आणि टाइप करत राहायची.

पहिलं झाड झालं. तिनं लिहिलेल्या वाक्यांवरून स्वतः निष्कर्ष काढणारा प्रोग्राम चालवला, आणि पडद्यावर आलं: सिकलसेल हा वाताचा आजार. चूक मशीनची नव्हती. सिकलसेलमध्ये हाडं ठणकतात, हे ताईनंच लिहिलं होतं. पण हाडांची सगळी ठणक तिनं सवयीनं 'वात' या वर्गाखाली लावली होती. तिनं, जिच्या पायावर तो डाग होता, तिनं. मशीननं दोन्ही गोष्टी जोडल्या. तिनं पडद्यावरचं ते वाक्य पुन्हा वाचलं. मग सलवार वर करून डागावर बोट ठेवलं.

"बरं हाये याले हात नाहीत. नाहीतर विळा तापवला असता यानं."

मला हसू येईना. "हास न बे," ती म्हणाली आणि एकटीच हसली. मग तिनं 'वात' त्या जागेवरून काढला. म्हणाली, हे कारण नाही, लोक दुखण्याले ठेवतात ते नाव हाये, नाव म्हणूनच राहू दे.

छातीची फांदी तेवढी अर्धी होती, तेव्हा तिच्याच छातीत दुखायला लागलं. मी तिला दवाखान्यात नेलं. तिनं तरुण डॉक्टरांना नीट सांगितलं, "ही नेहमीची ठणक नाही. छातीत कळ आहे, दम पुरत नाही." डॉक्टर तिच्याकडे न बघता नर्सला म्हणाले, "ही नेहमीचीच आहे." केसपेपरवर लिहिलं, अंगदुखी. एक इंजेक्शन दिलं आणि पुढच्या पेशंटकडे गेले. ताईनं तो कागद वाचला.

"पुन्हा चुकीच्या वर्गाखाली लावलं मले..."

यावेळी ती हसली नाही. दुपारी गेली.

मौतीला आलेली एक बाई ओसरीवर म्हणाली, "लहानपणीच वात नीट काढला असता, तर वाचली असती बिचारी." मी उठणार, तेवढ्यात आईचा आवाज आला. "चूप बस वं. वात नव्हता तो."

ताईच्या खुर्चीच्या पाठीला गरम पाण्याची ती पिशवी अजून टांगलेली आहे. मी तिथंच बसून छातीची फांदी पूर्ण केली. परवा आईनं मोबाइल तोंडाजवळ धरून आमच्या वेबसाइटला ताईच्याच शब्दांत विचारलं, हाडं ठणकून राह्यले. उत्तर आलं: सिकलसेलची रक्ततपासणी करून घ्या, छातीत कळ येत असेल किंवा दम लागत असेल तर थांबू नका, लगेच मोठ्या दवाखान्यात न्या. मग आईनं मोबाइल पुन्हा तोंडाजवळ धरला, म्हणाली, "पोरीच्या हाडात वात आला."

तरी तेच उत्तर आलं.