न झालेल्या भेटीचं बीपी

आधीच सांगते, कुणाच्या अंगात आलं, कुणाला काही दिसलं की ‘आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या’ म्हणणारी मी बाई आहे. अकरा वर्षं नर्स म्हणून उपकेंद्रावर काढली, असल्या गोष्टींवर कधी विश्वास ठेवला नाही. तरी लिहितेय, कारण डोक्याचा पार भुगा झालाय...

आमचं उपकेंद्र भोकरदन तालुक्यात, पिंपळगाव रेणुकाईच्या पुढे. तिथून चार किलोमीटरवर माळावर धनगरांची वस्ती. तिथली रेखा पहिलटकरीण, आठवा महिना. बुधवारी तिला तपासायला जायचं ठरलं होतं. सकाळीच निरोप — तालुक्याला मीटिंग, सगळ्यांनी या. विषय काय, तर घरभेटी कमी का होतात! दिवसभर बसवून ठेवलं, वर म्हणे संध्याकाळच्या आत ॲपमध्ये भेटींची माहिती भरा. मग मी तेच केलं जे आम्ही अशा वेळी करतो... मागच्या भेटीचा आकडा उचलला. रेखा, बीपी ११०/७०, भेट पूर्ण. खोटं का बोलू, तेव्हा काहीच वाटलं नाही.

शनिवारी माझी गाडी काढून वस्तीवर गेले तर रेखाच्या घराला कडी. रेखाची सासू गोदाबाई शेरडं घेऊन समोरून आली आणि माझे हात धरून रडायलाच लागली.

“सिस्टर, तुमी आल्त्या म्हून वाचली माझी सून.”

“मी कधी आले, मावशी?”

“बुधवारी न्हाई का, दुपारी. बीपी लई वाढलं, जल्दी जालन्याला न्या म्हणल्या. मंग जीप केली. गाडीचा आवाज न्हाई आला, म्हून मी इचारलं बी, एवढ्या उन्हात पायी आल्त्या का.”

रेखाचं सिझर झालं होतं. अजून उशीर झाला असता तर झटके आले असते, असं डॉक्टर म्हणाले. बाळ-बाळंतीण सुखरूप होते.

दुसऱ्या दिवशी जालन्याला जाऊन तिचं कार्ड पाहिलं. बुधवारची तारीख, बीपी १७०/११०. अक्षर माझं. सहीखालचे दोन ठिपकेसुद्धा माझे. आणि त्या दुपारी मी तालुक्याच्या मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत बोलणी खात होते, बीपीचं मशीन माझ्याच पायाशी पिशवीत होतं!

रेखा म्हणाली, “तुमी लई चिडून आल्त्या, सिस्टर. हात मातर थंडगार होते.”

चिडलेली तर मी होतेच.

पुढच्या मीटिंगमध्ये माझ्या सगळ्या भेटी पूर्ण म्हणून टाळ्या वाजल्या. इतका संताप आला... त्यांचा आणि माझाही. खरं सांगावं तर नोकरी जाईल, वर वेड लागलं म्हणतील. ॲपमध्ये अजून ११०/७० आहे, दुरुस्त करायची सोयच नाही. माझ्या नावानं जी कुणी उन्हातून गेली, तिला जमलं. मला का नाही जमलं, हे मनातून जात नाही.

आता काही झालं तरी मी वस्तीवरची भेट चुकवत नाही. गोदाबाई चहा ठेवते आणि दर वेळी बाहेर डोकावून विचारते, “आज गाडीवर आल्या का, सिस्टर?”

मी हो म्हणते.