हरवणाऱ्याला हरवणारा वकील

गोजरबाईंच्या शेताकडे जाणारी गाडीवाट शेजारच्या मच्छिंद्रने बाभळीच्या काट्या टाकून बंद केली. बाईंना ओढ्यातून दुसरी वाट आहे, असं त्याचं म्हणणं. शेवगावच्या कोर्टाने ते मान्य केलं आणि गोजरबाई दावा हरल्या. ही सत्तर सालची गोष्ट.

नगरला अपील करायचं, हे त्यांनी कोर्टाच्या पायऱ्या उतरतानाच ठरवलं. प्रश्न वकिलाचा होता. पहिला वकील गावातल्यांनी सुचवलेला, आणि तो ऐन साक्षीच्या वेळी जांभया देताना त्यांनी पाहिला होता. आता कुणाचं ऐकायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दीर छगनला घेऊन त्या थेट मच्छिंद्रच्या वकिलाकडे, धर्माधिकारींकडे गेल्या. छगन लाजून दाराबाहेरच थांबला. बाईंना समोर बघून धर्माधिकारी चपापले.

"तुमी मला हरवलं," गोजरबाई म्हणाल्या. "लई चांगलं बोललात. आता अपिलाला माझे वकील व्हा."

धर्माधिकारींना हसू आवरेना. एकाच दाव्यात दोन्हीकडून उभं राहता येत नाही, हे त्यांनी समजावून सांगितलं, चहा मागवला. बाईंनी चहा घेतला, पण उठल्या नाहीत.

"मग तुमाला कोन हरवतं, त्यांचं नाव सांगा."

वकीलसाहेबांनी बशी बाजूला सारली. हळूच म्हणाले, "नगरचे रसाळ. पण मी सांगितलं म्हणू नका."

नगरला रसाळांनी आधी विचारलं, कुणी पाठवलं? बाईंना खोटं बोलवेना आणि शब्दही मोडवेना. "तुमी ज्यांना हरवता, त्यांनी," त्या म्हणाल्या. रसाळ इतके खूश झाले, की पुढच्याच रविवारी एस.टी.ने गावात हजर. ओढ्यातली ती दुसरी वाट त्यांना स्वतः चालून बघायची होती. अर्ध्यात त्यांची एक चप्पल चिखलात गेली, ती छगनने हात घालून शोधून काढली.

पण वकिलाने पाहिलेलं कोर्टात चालत नाही. म्हणून रसाळांनी अर्ज केला, की कोर्टाने आपला माणूस पाहणीला पाठवावा. तो भाद्रपदात आला. ओढा दुथडी भरला होता. मच्छिंद्र म्हणे, इथून गाडी जाते. त्या माणसाने पाण्यात एक पाय टाकला, कमरेपर्यंत भिजला आणि तसाच मागे फिरला. वाट नाही, असा अहवाल त्याने दिला.

अपिलात खालचा निकाल फिरला. धर्माधिकारींनी बाहेर येऊन रसाळांना नमस्कार केला आणि बाईंकडे बघून मान हलवली.

काट्या निघाल्यावर त्या वाटेने बाजरीची गाडी घरी आली. मच्छिंद्रची बायको कडूबाई डोक्यावर पाटी घेऊन उन्हातून गावाकडे निघाली होती. गोजरबाईंनी गाडी थांबवून तिला वर घेतलं. मच्छिंद्र बांधावरून बघत होता.