आवाज न करणारा कॉम्प्युटर

रघुनंदनची सगळी नोकरी पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या मोटारींच्या कारखान्यात गेली. तिथल्या घरघरीत त्याचे कान मंदावले, पण बायकोचं, विमलाचं, बोलणं त्याला कधी दोनदा विचारावं लागलं नाही. शाळेतून निवृत्त झाल्यावर ती अंध कॉलेज विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. घरात मराठी, पुस्तकात कन्नड. दोन्हींत तिचा आवाज खणखणीत.

मग गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज मात्र दोऱ्याएवढा उरला. बरं वाटल्यावर तिने एकदा वाचून रेकॉर्ड करून पाहिलं. ऐकलं, तर जुन्या कॉम्प्युटरच्या पंख्याची घूंऽ घूंऽ, आणि त्या घूंघूंमागे कुठेतरी विमलाचा आवाज. तिने माईक कपड्यात गुंडाळून कपाटात टाकला. फोन आला की ती तो रघुनंदनच्या हातात द्यायची. भाजीवाल्याशीसुद्धा बोटांनीच बोलायची.

रघुनंदनने तिची समजूत काढली नाही. तो एस. पी. रोडवर, कॉम्प्युटरचे सुटे भाग विकणाऱ्या नागराजच्या दुकानी खेपा घालू लागला. कमी तापणारा प्रोसेसर, सावकाश फिरणारा थोराड पंखा, आत काहीच फिरत नाही अशी डिस्क. पंख्याची थरथर पेटीला लागू नये म्हणून त्याने स्क्रूंखाली रबराच्या चकत्या घातल्या. सगळं जोडून चालू केलं, तर त्याला काहीच ऐकू येईना. त्याने हौसेने विमलाला बोलावलं.

"बारीक शीळ येतेय," ती पुटपुटली.

"कुठून?"

तिने वाकून कान लावला आणि पॉवर सप्लायच्या डब्यावर बोट ठेवलं.

डबा घेऊन तो दुकानात गेला. नागराजने लावून पाहिला. त्यालाही शीळ ऐकू आली नाही. रघुनंदन तसाच परत आला.

"मलाच ऐकू येत नाही, त्याला काय दाखवू? तूच चल."

"त्या गर्दीत माझं कोण ऐकणार?"

"बोलू नकोस. नुसतं ऐक."

ती गेली. नागराजने दोघांना मागच्या गोदामात नेलं, दार लावलं आणि दुसरा डबा जोडला.

"नको," विमला म्हणाली.

"काय म्हणालात, अक्का?" नागराज खाली वाकला.

तिला पुन्हा सांगावं लागलं. शीळ कशी येते, कमी-जास्त कधी होते, तो विचारत गेला आणि ती सांगत गेली. ऑपरेशननंतर परक्या माणसाशी ती एवढं बोललीच नव्हती. रघुनंदन खोक्यावर बसून जमिनीकडे पाहत राहिला. तिच्याकडे पाहिलं तर ती थांबेल, अशी त्याला भीती वाटत होती. पुढच्या डब्याला ती बराच वेळ कान देऊन उभी राहिली.

"सरी, ठीक आहे. हाच द्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने एक धडा वाचला. मध्ये दम लागला, पाणी प्यायली, पण शेवटपर्यंत गेली आणि रेकॉर्डिंग विद्यार्थ्यांना पाठवलं. संध्याकाळी प्रियदर्शनी नावाच्या विद्यार्थिनीचा निरोप आला. रघुनंदनला ऐकू यावा म्हणून विमलाने फोनचा आवाज मोठा केला.

"अक्का, तुमचा आवाज बारीक झालाय. पण आता तुम्ही हळू वाचता ना, त्यामुळे मला ब्रेलमध्ये लिहून घेता येतं. पुढचा धडा कधी?"

रघुनंदनने माईक तिच्यापुढे सरकवला. विमलाने पुस्तक उघडलं, चष्मा लावला.

"अहो, जाताना दार ओढून घ्या," ती म्हणाली.