ब्रुण्यासाठी मी झाड झाले

गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी माझ्या अंगात खंडोबा आला होता, असं आमच्या मोशीच्या सोसायटीतल्या निम्म्या बायकांचं मत आहे. मी स्वतः तिथे होते. तसं काही झालं नव्हतं.

झालं ते ब्रुनोमुळे. ब्रुनो आमचा कुत्रा. हे नाव सुनेने ठेवलं, मी ब्रुण्या म्हणते. रंगाने गुळासारखा, अंगाने वासराएवढा आणि अकलेने... जाऊ द्या, घरचाच आहे. माझा मुलगा संजय चाकणला कंपनीत शिफ्टला जातो, सून वैशाली कॅबने हिंजवडीला जाते आणि दिवसभर घरात मी आणि ब्रुण्या. कुत्र्यामांजरांवर माझा काही जीव वगैरे नाही. पण टीव्हीवर काय लावायचं यावरून माझ्याशी वाद न घालणारा घरात तो एकटाच.

त्याची खोड एकच. दोरी लावून खाली नेलं की ओढायचा. संजयची चप्पल एका बिल्डिंगपाशी आणि संजय दुसऱ्या बिल्डिंगपाशी सापडायचा. एक दिवस त्याने संजयला नेऊन थेट सोसायटीच्या चेअरमनवर आपटलं. पवारभाऊ दुधाच्या पिशव्यांसकट मेंदीच्या कुंपणात बसले. (पिशव्या फुटल्या. सगळं दूध ब्रुण्याने चाटून फरशी लख्ख करून दिली, हे कुणी लक्षात घेत नाही.)

संध्याकाळी पवारभाऊ कमरेला हात लावून घरी आले.

"काकू, रविवारी सकाळी कमिटी गेटवर बसणार आहे. कुत्रा लिफ्टपासून गेटपर्यंत न ओढता चालला, तर राहील. नाहीतर सोसायटीत ठेवायचा नाही."

ते गेल्यावर संजय म्हणाला, "आई, राजगुरुनगरला ताईच्या शेतावर सोडू त्याला. तिकडं मोकळा राहील."

"मग तू बी जा मोकळा राहायला," मी म्हटलं. "कुत्रं कुटं जात न्हाई. त्याला चालायला मी शिकवते."

"तू?"

"बैलं शिकवली आमी. तुझ्या बापाला शिकवलं. ह्याचं काय घेऊन बसलास?"

दुसऱ्या दिवशी कळलं की बैलाचं शिक्षण कुत्र्याला लागू पडत नाही. बैलाच्या नाकात वेसण असते, कासरा मागे खेचला की तो थांबतो. ब्रुण्याची दोरी मागे खेचली की त्याला वाटायचं, ही खेळतीय. मग तो दुप्पट पुढे. पार्किंगमधल्या मोटारसायकलींमधून त्या दिवशी मी जशी गेले, तशी तरुणपणी वळू मागे लागला तेव्हाही पळाले नव्हते.

मग वैशालीने मला मोबाईलवर एक माणूस दाखवला. तो कुत्र्यांचा मास्तर होता. तो सांगत होता, कुत्रा ओढायला लागला की तुम्ही झाड व्हा. हलायचं नाही, बोलायचं नाही, कुत्र्याकडे बघायचंसुद्धा नाही. दोरी ढिली झाली की मगच चालायचं.

"एवढंच व्हय?" मी विचारलं.

"एवढंच. पण आई, तुम्हाला न बोलणं जमायचं नाही."

त्या एका वाक्यासाठी मी काहीही जमवलं असतं.

आठवडाभर मी झाड झाले. कधी जिन्याखाली, कधी पाण्याच्या टाकीपाशी, कधी ऐन रस्त्यात. मागून गाड्या हॉर्न वाजवायच्या, झाड हलायचं नाही. कोपऱ्यावर भाजी आणायला निघाले, तर पोचेपर्यंत भाजीवाला गाडा झाकून जेवायला गेलेला. पण शनिवारपर्यंत ब्रुण्या थोडं ओढून थांबायला लागला आणि वळून माझ्याकडे बघायला लागला, ही बाई बरी आहे ना म्हणून.

रविवार उजाडला. गेटवर प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून पवारभाऊ आणि कमिटीचे लोक बसले होते. संजय रात्रपाळी करून आल्यामुळे वर झोपला होता. मी ब्रुण्याला घेऊन लिफ्टमधून बाहेर आले. छान निघालो. निम्मी वाट झाली आणि समोरून आमच्या शेजारची सुमन आली. सुमनचं कुलदैवत खंडोबा. दर रविवारी ती देवळात जाऊन येते आणि येताना तिच्या ताटात भंडारा आणि सुक्या खोबऱ्याचे तुकडे असतात.

आता ब्रुण्याला मटण दाखवा, तो विचार करील. खोबरं दाखवलं की विचार संपला.

त्याने सुमनकडे अशी उडी घेतली की माझा अंबाडा सुटून केस पाठीवर आले. मी लगेच झाड झाले. नजर समोर, ओठ घट्ट, दोन्ही हातांनी दोरी धरलेली. पण ब्रुण्या सगळा जोर लावून ओढत होता आणि मी हलत नव्हते, त्यामुळे डोक्यापासून पायापर्यंत मी थरथरायला लागले.

सुमनने बघितलं. रविवार. मोकळे केस. थरथरणारी म्हातारी. शेजारी कुत्रा. आणि खंडोबाजवळ कुत्रा असतो, हे काय सुमनला सांगायला पाहिजे?

"देव आला," ती हळूच म्हणाली. मग जोरात, "येळकोट येळकोट जय मल्हार!" आणि तिने मूठभर भंडारा माझ्या कपाळाला फासला. नंतर ब्रुण्याच्या.

मला म्हणायचं होतं, सुमे, बाजूला हो. पण दोरी ताणलेली होती. बोलायचं नाही म्हणजे नाही.

खिडक्या उघडल्या. बायका गॅस बंद करून खाली आल्या. एकीने पदर पसरला. "देवा, माझ्या पोराला कंपनीत पर्मनंट करतील का?"

तेवढ्यात ब्रुण्याने ताटाकडे जायला उजवीकडून जोर लावला. मी उजवीकडे झुकले.

"उजवा कौल दिला," सुमन म्हणाली. "पेढे वाट, जा."

मग सगळ्याच विचारायला लागल्या. ब्रुण्या ताट फिरेल तसा फिरत होता आणि लोकांची लग्नं, बदल्या ठरत होत्या. (एकीच्या सासूला गावाला परत जायचा कौल मिळाला. ती सासू अजून माझ्याशी बोलत नाही.)

कुणीतरी वर जाऊन संजयला उठवलं. तो चड्डी-बनियनवर धावत आला, मागून वैशाली. संजयचा देवावर नाही, दवाखान्यावर विश्वास.

"आई, बोल ना काहीतरी. आई, हात वर कर."

हात वर करायला दोरी सोडावी लागली असती.

"वैशाली, अ‍ॅम्ब्युलन्स बोलव. लकवा आहे. तोंड बघ कसं वाकडं झालंय."

"अहो, ते नेहमीचंच आहे," वैशाली म्हणाली. मग माझ्या हातातल्या दोरीकडे तिचं लक्ष गेलं आणि तिने ओढणी तोंडात कोंबली. सांगेल तर शपथ. हसत उभी राहिली.

शेवटी माझी सुटका सुमननेच केली. नैवेद्य दाखवायला म्हणून ती ताट घेऊन माझ्या अगदी पायाशी येऊन बसली. ताट आलं तसा ब्रुण्या मागे वळला आणि माझ्या गुडघ्याला चिकटून बसला. दोरी ढिली.

दोरी ढिली म्हणजे चालायचं. मी चालायला लागले. सुमन गडबडीने उठून ताट घेऊन बरोबर, खोबरं बरोबर ब्रुण्याच्या नाकाच्या उंचीवर, आणि ब्रुण्या माझ्या पायाला लागून नवऱ्यामुलासारखा शांत. मागे बायका येळकोट करताहेत, संजय डॉक्टरांना फोन करतोय. आम्ही गेटवर पोचलो, तर कमिटी खुर्च्या सोडून उभी आणि पवारभाऊंनी चपला काढलेल्या.

दोरी अजून ढिलीच होती, म्हणून बोललं तर चालणार होतं.

"बगितलं का? आत्ता यकदा तरी वढलं का त्यानं?"

पवारभाऊंनी हात जोडले. "नाही देवा."

"देव कुटला? मी हौसाबाई हाय. कुत्र्याचं बोला."

पवारभाऊंनी स्वतःच्या अनवाणी पायांकडे बघितलं. मागच्या बायकांकडे बघितलं. सुमनने त्यांच्याही कपाळाला भंडारा लावला. कपाळावर भंडारा घेऊन खंडोबाच्या कुत्र्याला हाकलणं कुठल्या चेअरमनला जमणार?

"राहू दे त्याला," ते म्हणाले. "पण काकू, बाहेर काढायचा तो तुमच्याबरोबरच. दुसऱ्या कुणाबरोबर दिसला, तर गेट उघडायचं नाही, असं मी वॉचमनला सांगून ठेवतो."

मी जिंकले. तेव्हापासून ऊन असो, थंडी असो, गुडघे दुखोत, सकाळ-संध्याकाळ कमरेच्या पिशवीत खोबरं घेऊन मीच खाली. संजय डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपतो. वॉचमन तर आम्हाला जोडीनेच ओळखतो. परवा मी दळण आणायला एकटीच निघाले, तर त्याने गेट लावून घेतलं आणि मला खुर्चीवर बसवून वर वैशालीला फोन केला, "ताई, आजी सुटून खाली आल्यात, घेऊन जा."